श्वासाचा रकाना

परवा सकाळी आमच्या बदलापूरच्या गल्लीत धुराची गाडी फिरली. डास मारायला सोडतात तो पांढरा धूर, डिझेलच्या वासाचा. सगळ्यांच्या खिडक्या धडाधड लागल्या, समोरच्या काकूंनी दोरीवरचे कपडे ओढून आत घेतले, आणि मी मात्र चहाचा कप हातात धरून गॅलरीत तशीच उभी राहिले. त्या वासानं बाकीच्यांना डास आठवतात, मला वॉर्ड आठवतो. गणपती गेलेले असतात, नवरात्र तोंडावर आलेलं असतं, दुपारचं ऊन पाठीला चावायला लागतं आणि आमचा हंगाम सुरू होतो. अंबरनाथच्या पलीकडच्या गावांत या दिवसांत भात पिवळं पडायला लागतं, आमच्याकडे तापाचं पीक येतं.

चहा गार झाला होता. तो बेसिनमध्ये ओतला, पायात बूट चढवले आणि स्कूटर काढली. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, तिथल्या बायकांच्या तीस खाटांच्या वॉर्डात मी नर्स आहे. एकतीस वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात, आवाज चढलाय, आणि अलीकडे तर कोणी साधं 'कशा आहात?' विचारलं तरी मी 'बोला, काय त्रास होतोय?' असंच म्हणते. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. ती कधी संपतील असं वाटतं आणि संपल्यावर करणार काय असंही वाटतं, पण हा दुसरा विचार करायला अंगात त्राण लागतं, म्हणून तो मी रविवारसाठी ठेवते. रविवारी झोपते.

हंगाम म्हटला की आधी वास येतात. फिनाइलचा, स्पिरिटचा, मीठसाखरेच्या संत्र्याच्या चवीच्या पाण्याचा, आणि पपईच्या पानांच्या रसाचा. हा रस कोणी सांगितला कोण जाणे, पण दर दुसऱ्या नातेवाइकाच्या पिशवीत तो हिरवा कडू रस असतोच. डॉक्टरांची पाठ वळली की पेशंटच्या नाकाला धरून घशात ओततात. मग ती बाई ओकते, मग आम्ही पुसतो. आधी मी ओरडायचे. आता फक्त विचारते, "किती वाजता ओकली?" आणि लिहून ठेवते.

लिहिणं हे आमचं अर्धं काम. बाहेरच्या माणसाला वाटतं नर्स म्हणजे सुई. सुई दिवसातून किती वेळा टोचणार? आमचं खरं काम म्हणजे टीपीआर. ताप, नाडी आणि श्वास. त्याच्या जोडीला बीपी. प्रत्येक खाटेच्या पायाशी एक पुठ्ठा लटकलेला असतो, त्यावर चार रकाने, आणि ठरल्या वेळी प्रत्येक रकान्यात एकेक इंग्रजी आकडा. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात, पाच मिनिटं थांबतात. मधल्या तासांत त्या बाईच्या शरीरात काय काय झालं, ते त्यांना आमच्या आकड्यांवरूनच कळायचं असतं. आकडा बरोबर असेल तर ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं. आकडा चुकला तर ते आंधळे, आणि त्यांना ते आंधळे झालेत हे माहीतही नसतं.

ताप मोजायला थर्मामीटर असतो. नाडी बोटांना लागते. बीपीचा पट्टा आहे. श्वासाला काही नाही. तो नुसता बघायचा आणि मोजायचा, पूर्ण एक मिनिट. त्यातही एक गंमत आहे. माणसाला कळलं की आपला श्वास कोणी मोजतंय, तर तो लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो. मोठा, शहाणा, फोटो काढून घेताना बसतो तसा. म्हणून प्रशिक्षणात आमच्या बाईंनी शिकवलं होतं, नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तशीच ठेवायची, चेहरा तसाच ठेवायचा, आणि नजर हळूच पदरावर न्यायची. पदर वर गेला, खाली आला, एक. पेशंटला वाटतं अजून नाडीच चाललीय. सबंध नर्सिंगमध्ये शिकवलेलं हे एकच खोटं, आणि तेही खरा आकडा मिळावा म्हणून.

आता हिशेब करा. वॉर्डात पन्नास बायका. हंगामात तीस खाटांवर पन्नास होतातच, खाली गाद्या घालतो. पन्नास बायकांचे पन्नास मिनिटं नुसते श्वास. त्याच्या जोडीला नाडी, ताप, बीपी, सलाईन, गोळ्या, एकीला बेडपॅन, एकीचा नवरा दारात भांडतोय, एकीची सासू मटणाचा रस्सा घेऊन आलीय. आणि सिस्टर दोन. मग श्वासाच्या रकान्याचं काय होतं? आमच्या वॉर्डात त्याचं 'वीस' होत असे. निरोगी माणसाच्या श्वासांत बसणारा, गोल, सभ्य आकडा. कोणी कधी त्याला हटकलं नाही. सकाळी सहाला वीस, दहाला वीस, दोनला वीस. वरचा आकडा बघून खाली तोच ओढायचा. आम्ही त्याची आपसांत थट्टाही करायचो. एकदा मी म्हटलं होतं, "आपल्याकडं देवाघरी गेलेल्या बाईलाही वीस लागतील." सगळ्या हसल्या होत्या. मीही हसले होते, तोंडाला रुमाल लावून.

तो हंगाम मला आठवतो तो या थट्टेसकट. बरीच वर्षं झाली त्याला.

त्या साली ताप असा आला होता की कॅम्प पाचकडच्या काही गल्ल्यांत घरटी एक आजारी. नळाला पाणी एक दिवसाआड, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली, आणि पिंपात डासांची अंडी. आम्ही पिंपं कोरडी करा म्हणायचो, लोक म्हणायचे, "और पानी क्या तुम देगी?" त्यांचंही खरंच होतं. माझ्या जोडीची सिस्टर स्वतःच तापानं पडली आणि मी सकाळची आणि दुपारची, दोन्ही पाळ्या करायला लागले. चार दिवस झाले, पाच झाले. घरी जाऊन आंघोळ करताना बादलीत तांब्या बुडवायचे आणि आपण किती तांबे घेतले हेच विसरायचे.

चौदा नंबरला ठमाबाई होती. अंबरनाथच्या पलीकडच्या गावातली आगरी बाई, साठीच्या अलीकडे-पलीकडे. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, दंड भाजीच्या टोपल्या उचलून दोरासारखे पिळलेले. जमिनीचा बराचसा तुकडा मुलांनी विकून तिथं इमारत उभी राहिली होती, पण नदीकडच्या पट्ट्यात ती अजून भेंडी-काकडी लावायची आणि शिवमंदिराच्या रस्त्याला बसून विकायची. आजारी पडणं तिला माहीतच नव्हतं. सलाईनच्या नळीकडं ती संशयानं बघायची. "यो पानी कवा सपाचा?" एवढं विचारायची. काही दुखतंय का म्हटलं की ठरलेलं उत्तर, "मना काय झायलंय? काय नाय गो."

पंधरा नंबरला लाजवंती. कॅम्प पाचची सिंधी बाई. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यातून घरी माल आणायची आणि शिवलेल्या पँटींचे लोंबणारे दोरे कापून द्यायची. तिची बोटं कायमची निळी झालेली. पहिल्या दिवशी मी घाबरून ऑक्सिजन बघायला गेले होते, तर ती हसली. "वो रंग है सिस्टर, मैं ज़िंदा हूं." तिचा ताप उतरला होता, अंगात शक्ती येत होती आणि पडून राहायचा कंटाळा आला होता. ती दिवसभर वॉर्ड बघत बसायची.

ठमाबाईचा ताप पाचव्या दिवशी सकाळी उतरला. मला हायसं वाटलं. तिचा मुलगा म्हणाला, "सिस्टर, आता डिस्चार्ज ना?" या तापाची खोड अशी की खरा धोका ताप उतरल्यावर असतो. हे मला माहीत होतं, कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण माहीत असणं आणि पाचव्या दिवशी सलग दुसऱ्या पाळीत ते आठवणं, यात फरक आहे. दहा वाजता मी तिच्या पुठ्ठ्यावर लिहिलं. ताप नाही. नाडी मोजली, लिहिली. बीपी घेतलं, लिहिलं. श्वास, वीस. दोन वाजता पुन्हा. नाडी थोडी वाढली होती, तीही लिहिली. श्वास, वीस. तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. म्हणजे तिच्या हाताकडे बघितलं होतं, सलाईनकडे बघितलं होतं. पदराकडे नाही.

मी चार खाटा पुढे गेले असेन. मागून लाजवंतीनं हाक मारली.

"सिस्टर, ज़रा इधर आओ ना. ये माई का सांस बहुत जल्दी-जल्दी चलता है."

"आत्ताच बघितलंय मी," मी म्हटलं. "आप आराम करो."

"मैं गिना," ती म्हणाली. समोरच्या भिंतीवर वॉर्डाचं घड्याळ होतं, लाल सेकंदकाट्याचं. तिनं निळ्या बोटानं तिकडं दाखवलं. "वो लाल कांटा एक चक्कर मारता है ना, उतने में छत्तीस. दो बार गिना. मेरे को गिनने की आदत है, धागा काटते-काटते पीस गिनती हूं."

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. एकतीस वर्षं आत्ता झालीत, तेव्हाही काही मी कालची पोर नव्हते, आणि ही दोरे कापणारी बाई मला शिकवणार? तणतणत परत आले, ठमाबाईचं मनगट धरलं आणि नजर तिच्या पदरावर टाकली. पदर इतक्या भराभर हलत होता की मला पहिल्यांदा मोजताच येईना. मग घड्याळाकडे बघून मोजलं. छत्तीस. ओठ कोरडे, नाकपुड्या फुललेल्या, डोळे अर्धवट मिटलेले. "ठमाबाई, दम लागतोय का?" तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. पायाशी पुठ्ठा लटकत होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात, शाईसुद्धा धड वाळलेली नसेल, वीस.

त्याखाली अडीचची वेळ घालून छत्तीस लिहिले आणि डॉक्टरांना फोन केला. आमच्या इनचार्ज पेडणेकर सिस्टर धावत आल्या. या बाईनं मला धाकट्या बहिणीसारखं सांभाळलं होतं, माझ्या बाळंतपणात माझ्या वाटच्या पाळ्या केल्या होत्या. त्यांनी ठमाबाईला उशीला टेकवून बसवलं, ऑक्सिजन लावला, मग पुठ्ठा हातात घेतला आणि एका नजरेत सगळं ओळखलं. ओळखणारच. त्यांनीही हजारदा वीस लिहिले होते. मला त्या कोपऱ्यात घेऊन गेल्या.

"डॉक्टर यायच्या आत दोनचा अठ्ठावीस कर," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "शून्याला मधे आवळलं की आठ होतो. चढत गेल्यासारखं दिसेल. नाहीतर तुझी नोकरी जाईल गं."

पेन माझ्या हातात होतं. गंमत अशी की तो अठ्ठावीस बहुधा खऱ्याच्या जवळचा होता. वीसपेक्षा तर नक्कीच. एक खोटा आकडा खोडून दुसरा बराचसा खरा आकडा लिहायचा, त्यात वाईट ते काय? मी पुठ्ठ्याकडे बघत उभी राहिले आणि तेवढ्यात डॉक्टर वाणी जिन्यावरून आले. पेडणेकर सिस्टरांनी पुठ्ठा माझ्या हातातून घेऊन त्यांच्या हातात दिला. सिस्टरांना वाटलं, मी वीसचा अठ्ठावीस केलाय.

डॉक्टर वाणी तेव्हा तरुण होते, हंगामानं तेही पार वाळले होते. त्यांनी छाती तपासली, पुठ्ठा वाचला, पुन्हा वाचला. मग खाटेशी उभ्या उभ्या मला विचारलं, "सिस्टर, दोनला वीस आणि अडीचला छत्तीस? अर्ध्या तासात?"

मी ठमाबाईचा ऑक्सिजनचा मास्क सारखा केला.

"मला नीट सांगा," ते म्हणाले. "एक्स-रेवाला जेवायला गेलाय, त्याची वाट बघायला वेळ नाही. सकाळपासून हळूहळू वाढत असेल तर छातीत पाणी साचतंय, सलाईन मला आत्ता आवरावं लागेल. एकाएकी झालं असेल तर काहीतरी वेगळंच आहे, मी वेगळंच शोधत बसेन. दोनला वीसच होता ना?"

माझ्या मागे पेडणेकर सिस्टर उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मोजला नव्हता. दहालाही नव्हता मोजला. मी नुसता लिहिला."

लोकांना वाटेल मी धैर्य वगैरे दाखवलं. नाही. मी दमले होते. दुसरं खोटं उभं करायला डोकं लागतं, ते कुठवर न्यायचं ते ठरवावं लागतं, पुढं लक्षात ठेवावं लागतं. तेवढं माझ्यात उरलं नव्हतं. पहिलं खोटं मी थकून लिहिलं आणि खरंही थकूनच बोलले. यात अभिमान धरण्यासारखं काही आहे असं मला आजही वाटत नाही.

डॉक्टरांनी सलाईन कमी केलं आणि पंधराकडे वळून लाजवंतीला विचारलं, "आपने कब से देखा?" ती म्हणाली, "सुबह चाय के टाइम से थोड़ा-थोड़ा बढ़ रहा था, डॉक्टरसाब. मुझे लगा सिस्टर ने लिखा होगा." त्यांनी मान डोलावली. माझ्या पुठ्ठ्याऐवजी तिच्या सांगण्यावर त्या दिवशी उपचार झाले.

कल्याणच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं ठरलं. गाडी यायला सव्वा तास लागला. तो सव्वा तास मी ठमाबाईच्या खाटेवर बसून होते, तिचं मनगट धरून. छत्तीस. अडतीस. पुन्हा छत्तीस. चौतीस. दर पाच मिनिटांनी मोजायचे आणि लिहायचे. बाकीच्या बायका हाका मारत होत्या, पेडणेकर सिस्टर एकट्या पळत होत्या, आणि मी एका मनगटाला चिकटून बसले होते. हेच सकाळी केलं असतं तर एका मिनिटात भागलं असतं. गाडीत चढवताना ठमाबाईनं माझा हात सोडवेना इतका घट्ट धरला होता. बत्तीस, हा शेवटचा आकडा मी लिहिला.

ती वाचली. मला मेमो मिळाला. पेडणेकर सिस्टर आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, नवव्या दिवशी डब्यातलं वालाचं बिरडं माझ्या ताटात वाढलं आणि म्हणाल्या, "जेव. आता मलाही मोजावं लागतं बघ सगळ्यांचं." त्या गेल्या सालीच निवृत्त झाल्या.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते. मोजला असेल तर लिहायचा, मोजला नसेल तर रकाना रिकामा. हंगामात माझ्या पुठ्ठ्यांवर पुष्कळ रकाने रिकामे असतात, हेही कबूल करते. पन्नास बायकांना पन्नास मिनिटं मला काही आभाळातून मिळालेली नाहीत. मागच्या महिन्यात तपासणीला आलेल्या बाईंनी बोट ठेवून विचारलं, "रिकामं कसं? फॉर्म पूर्ण भरलेला हवा." मी म्हटलं, "मॅडम, तो पूर्ण भरलेला आहे. तिथं मोजलं नाही असं भरलंय." त्यांना ते उद्धट वाटलं असावं. पण त्या रिकाम्या जागेकडं बघून डॉक्टर निदान स्वतः थांबतात आणि मोजतात. वीस बघून कोणी थांबत नाही.

आता बोटाला लावायचे चिमटे आलेत, नाडी आणि ऑक्सिजन पडद्यावर दिसतो. नव्या सिस्टर पडद्याशी बोलतात. चांगल्या आहेत, माझ्यापेक्षा हुशार आहेत, आणि माझ्याइतक्याच दमतात. त्यांच्या श्वासाच्या रकान्यात मी परवा बघितलं, अठरा, अठरा, अठरा. आकडा बदललाय, बाकी ये रे माझ्या मागल्या. मी ओरडले नाही. एकीला म्हटलं, "चल, ही एक बाई आपण दोघी मिळून मोजू."

ठमाबाई मात्र दरवर्षी येते. भादवा सरला की एका सोमवारी शिवमंदिरात पाणी घालून रिक्षानं कॅम्प चारला, डोक्यावर पाटी, पाटीत भेंडी नाहीतर काकड्या. वॉर्डात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, "ही सिस्टर माजा हात धरून बसली व्हती, सवा तास. पोटची पोर बसत नाय." मग माझ्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर टेकते, मनगट पुढं करते आणि म्हणते, "बग गो, कशी चालतंय." मी दरवर्षी मोजते. नाडी, मग मनगट तसंच धरून, चेहरा तसाच ठेवून, हळूच पदरावर नजर. अठरा यायचा. एकदा एकोणीस. आणि दरवर्षी मला वाटायचं, हिला सांगून टाकावं. ज्या हातासाठी ही भेंडी आणते त्या हातानं आधी काय लिहिलं होतं, ते हिला कळायला हवं. पण पुढचा पेशंट हाक मारायचा आणि ते राहून जायचं. राहून जायचं म्हणजे मी राहू द्यायचे.

या सोमवारी ती आली. पाटी नव्हती, कापडाच्या पिशवीत चारच काकड्या होत्या. दारातून स्टुलापर्यंत यायला तिनं दोनदा भिंत धरली. बसली आणि मनगट पुढं केलं. मी ते हातात घेतलं, आणि का कुणास ठाऊक, या खेपेला मला ते पुढं ढकलवेना.

"ठमाबाई," मी म्हटलं, "तुम्हाला एक सांगायचंय. त्या वर्षी तुम्ही इथं होतात ना, त्या दिवशी सकाळी मी तुमचा श्वास मोजलाच नव्हता. खोटाच लिहिला होता. तुमचा जीव गेला असता."

ती म्हणाली, "मना ठावं हाय."

"कोणी सांगितलं? लाजवंतीनं?"

"तूच बोललीस ना डॉक्टरला. माज्या उशाशी उबी रावून. मना दम लागला व्हता, कान नव्हते गेले."

इतकी वर्षं हे माझ्या मनातही आलं नव्हतं. पेशंट खाटेवर असतो आणि आम्ही त्याच्या डोक्यावरून बोलतो, तो ऐकत असेल असं धरतच नाही.

"मग दरवर्षी भाजी कशाला आणता?"

"खरा बोललीस म्हनून भाजी," ती म्हणाली. "आनि मी येतंय ते बगाया, मोजतेस का नाय. तू मनगटाची नारी धरतेस नि तुजे डोले माज्या पदरावर. मना काय कलत नाय?"

वॉर्डात पंखा गरगरत होता, कुणीतरी सलाईन संपलं म्हणून ओरडत होतं. मला हसूही आलं आणि डोळेही भरले, आणि दोन्हीसाठी वेळ नव्हता. "थांबा जरा," मी सलाईनवालीला म्हटलं. ठमाबाईचं मनगट तसंच धरलं आणि या वेळी नजर चोरली नाही. सरळ तिच्या पदराकडे बघितलं. तीही भिंतीवरच्या लाल काट्याकडे बघत बसली.

काटा फिरून आला. मी तिला पाणी दिलं, दहा मिनिटं बसवलं, म्हटलं चालून आलीय, दम लागला असेल. पुन्हा मनगट धरलं, पुन्हा एक मिनिट. तेवढाच आला. तिच्या पायाकडे बघितलं, घोट्याशी सूज होती. बोटानं दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"किती?" तिनं विचारलं.

वीस म्हणावंसं वाटलं. इतक्या वर्षांत इतकं कधी वाटलं नव्हतं. वीस म्हटलं असतं तर ती उठली असती, काकड्या टेबलावर ठेवल्या असत्या, पुढच्या साली येते गो म्हणाली असती.

"अठ्ठावीस," मी म्हटलं.

तिनं पिशवी स्टुलाखाली सरकवली, पदर नीट केला आणि म्हणाली, "लिव मंग."

मी नवा पुठ्ठा घेतला आणि लिहिला.